थैलीची थोरवी

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर, बाळापूर, कोणत्याही तालुक्याच्या बसस्टँडवर सकाळी नऊ वाजता उभे राहावे. खेड्यांकडून आलेल्या एस.टी.तून जी माणसे उतरतात, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या हातात एक थैली दिसते. कापडाच्या दुकानाचे नाव छापलेली, बंद तुटल्यावर घरीच पुन्हा शिवलेली. तिच्यात एक प्लॅस्टिकची पिशवी, त्या पिशवीत दुसरी, आणि दुसरीत घडीवर घडी घालून ठेवलेले कागद: सातबारा, आठ-अ, आधार कार्ड, पासबुक, फेरफाराची नक्कल, सोसायटीचा बेबाकी दाखला आणि या प्रत्येकाच्या चार-चार झेरॉक्स. या थैलीचे ऋण आपण नागरिकांनी अजून जाहीरपणे मानलेले नाही. ते मानले जावे म्हणून हा लेख.

एका शेतकऱ्याची एकच जमीन महसूल खात्याच्या संगणकात असते, जिल्हा बँकेच्या संगणकात असते, सेवा सोसायटीच्या खतावणीत असते, पीकविम्याच्या पोर्टलवर असते, कापूस खरेदीच्या ॲपमध्ये असते. या यंत्रणांनी एकमेकींना माहिती कशी द्यावी आणि ती चोख कशी ठेवावी, यावर मोठ्या शहरांत परिषदा भरतात. वऱ्हाडाने परिषद न भरवता उत्तर काढले. माहिती थैलीत घालायची आणि थैली शेतकऱ्याच्या हाती द्यायची. तो एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर गेला की माहितीही जाते. वीज नसली तरी जाते. सर्व्हर डाऊन असला तरी निदान खिडकीपर्यंत तरी जातेच.

वऱ्हाडी माणसाला यात नवल वाटायचे कारण नाही, कारण हा धडा आपण मूर्तिजापूरच्या स्टेशनावर गिरवलेला आहे. मुंबई-हावडा मार्गाचा रूळ १६७६ मिलिमीटर रुंद. अचलपूरहून आणि यवतमाळहून येणाऱ्या आपल्या शकुंतला रेल्वेचा ७६२ मिलिमीटर. एकीचा डबा दुसरीच्या रुळावर चालणे शक्य नव्हते. म्हणून शकुंतलेतून आलेला माल मूर्तिजापूरला उतरवायचा आणि पाठीवर वाहून मोठ्या गाडीच्या डब्यात चढवायचा. रुळांची रुंदी जुळत नाही, हा प्रश्न इंजिनिअरांचा होता, तो हमालांच्या पाठीने सोडवला. शकुंतला आता धावत नाही. तिचे तत्त्व मात्र तालुक्यातालुक्यात नव्याने उभे राहिले आहे. महसुलाचा रूळ एका मापाचा, बँकेचा दुसऱ्या, विम्याचा तिसऱ्या, आणि मधल्या फलाटावर थैली घेतलेला शेतकरी.

मापाचेच घ्या. शेतकरी एकरात बोलतो, सातबारा हेक्टर-आरमध्ये लिहितो, वाटणीच्या वेळी घरात गुंठे निघतात. दोन एकर शेत सातबाऱ्यावर ०.८१ हेक्टर होते. कुठल्या एका अर्जात ते घाईने ०.८० लिहिले गेले की एक आर, म्हणजे जवळपास एक गुंठा, कागदावरून नाहीसा होतो. उलट लिहिले गेले तर विम्याचे क्षेत्र मालकीच्या क्षेत्रापेक्षा जास्त ठरते आणि अर्ज थांबतो. जमीन तिथेच असते, बांध तिथेच असतो, धुऱ्यावरची बोरी-बाभळीही तिथेच. दशांश चिन्हाच्या उजवीकडचा दुसरा आकडा इतक्या गांभीर्याने घेणारी व्यवस्था आपल्याला लाभली, ही बारीक गोष्ट नव्हे.

नावांच्या बाबतीत तर या व्यवस्थेने जे काम केले ते शाळांनाही जमले नव्हते. वऱ्हाडातल्या जुन्या सातबाऱ्यावर 'वल्द' असते, म्हणजे अमक्याचा मुलगा. बाईच्या नावापुढे 'जौजे', नवरा गेलेला असेल तर 'बेवा'. एकत्र कुटुंब असेल तर कर्त्याच्या नावाआधी 'ए.कु.क.'. या शब्दांना आधार कार्डावर जागा नाही. शिवाय आधारवरचे मराठी नाव पुष्कळदा इंग्रजी स्पेलिंगवरून उमटलेले. त्यामुळे वानखडेंचे वानखेडे होतात, वानखेडेंचे वानखडे. दोन्ही आडनावे इथे घरोघर आहेत आणि दोन्ही आपापल्या ठिकाणी खरी आहेत. गावात तर तो माणूस दत्तू, शाळेच्या दाखल्यावर दत्तात्रय, सातबाऱ्यावर दत्ता वल्द अमुक. गावाला हे तिघे एकच आहेत हे ठाऊक असते, कारण गाव चेहरा पाहते. संगणक अक्षर पाहतो. एका मात्रेसाठी अडून बसण्याइतकी निष्ठा त्याच्या ठायी आहे. आता शेतकरी ओळख क्रमांकाची नोंदणी करताना आधारवरचे नाव आणि जमिनीच्या नोंदीतले नाव किती जुळते, त्याचे गुणही पडद्यावर येतात. बापजाद्यांच्या शेतात उभा राहून आपण कितपत आपणच आहोत, हे शेतकऱ्याला पूर्वी कधी आकड्यात कळले नव्हते.

आणि चूक सापडलीच, तर तिच्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मध्ये कलम १५५ आहे. लेखनप्रमादाची दुरुस्ती त्याखाली होते. संगणकीकरणाच्या काळात हस्तलिखित सातबारा यंत्रात उतरवताना कुणाचे नाव गळले, कुणाचे क्षेत्र बदलले. ती चूक ज्याच्या बोटातून झाली त्याला ती ठाऊकही नसते. ज्याच्या नावावर झाली तो अर्ज करतो, तिकीट लावतो, जुनी नक्कल काढतो, तारखेला येतो. लिहिणाऱ्याच्या कामात व्यत्यय न आणता चूक दुरुस्त व्हावी, अशी ही रचना आहे. एवढा विचार आपण घरातही एकमेकांचा करत नाही.

थैलीच्या या पद्धतीला राज्यभर मान मिळाला तो २०१७ मध्ये. त्या वर्षी जूनमध्ये छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर झाली, दीड लाखापर्यंतचे थकीत कर्ज माफ होणार होते. बँकांनी प्रत्येक खात्याची माहिती ६६ रकान्यांत भरून द्यायची. शेतकऱ्याने स्वतःचा ऑनलाइन अर्ज वेगळा भरायचा, पती-पत्नीच्या आधारसह. मग दोन्ही याद्या एकमेकींवर ठेवून पाहायच्या. जी माहिती बँकेकडे होती, ती शेतकऱ्याकडूनही मागण्यात मोठा आदर होता, कारण बँकेच्या शब्दावर कोणी शेतकऱ्याला कर्जदार ठरवू नये, ही काळजी त्यात होती. १८ ऑक्टोबरला, दिवाळीत, मोठा समारंभ होऊन प्रमाणपत्रे वाटली गेली. त्यानंतर याद्या तपासताना दिसले की बँकांकडून आलेल्या माहितीत अनेक शेतकऱ्यांच्या नावांपुढे एकच आधार क्रमांक आहे. सहकार चळवळ गावकऱ्यांना एक व्हायला पिढ्यान् पिढ्या शिकवत आली. एका रकान्याने ते एका रात्रीत घडवून आणले. त्यानंतरचे महिने शेतकऱ्यांनी पात्र ठरलेल्यांच्या हिरव्या यादीची वाट पाहण्यात घालवले, आणि वाट पाहणे हे कोरडवाहू शेतकऱ्याच्या अंगवळणी पडलेले आहे.

डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजनेत अर्ज काढून टाकला. बँकेने यादी द्यायची, ती गावात लावायची, शेतकऱ्याने विशिष्ट क्रमांक घेऊन केंद्रात जाऊन अंगठा लावायचा. पहिली यादी २४ फेब्रुवारी २०२० ला ६८ गावांची लागली. एवढी सुटसुटीत रचना झाल्यावर थैली घरी राहील असे वाटले होते. पण अंगठा लावायचा होता, आणि वऱ्हाडातला अंगठा कापूस वेचतो, तुरीच्या शेंगा तोडतो, डवऱ्याचे रुमणे धरतो. "अंगठा येऊन नाही राह्यला, काका, उद्या या." हे वाक्य ज्याने सेवा केंद्रात ऐकले नाही असा म्हातारा शोधून काढावा लागेल. चाळीस वर्षे शेतात झिजलेल्या बोटाने स्वतःची ओळख पटवून देऊ नये, हा दोष यंत्राला देता येत नाही. त्याने जे नव्हते ते नाही म्हणून सांगितले.

सोसायटीचा उल्लेख केला, तर तिच्या एका शब्दाचाही करायला हवा. सभासदांकडून सोसायटीला येणे असलेले कर्ज आणि सोसायटीकडून जिल्हा बँकेला देणे असलेले कर्ज, या दोन आकड्यांत जो फरक पडतो त्याला सहकाराच्या भाषेत 'अनिष्ट तफावत' म्हणतात. गटसचिवाच्या खतावणीतले आकडे आणि बँकेच्या खात्यातले आकडे वेगवेगळ्या वाटेने चालत राहिले की ही तफावत वाढते, आणि एके दिवशी त्या सोसायटीच्या सभासदांना नवे पीककर्ज मिळणे अवघड होऊन बसते. ज्याने मार्चअखेर पैसे भरून पावती घेतली, तोही त्यात सापडतो. नाव कोणी ठेवले माहीत नाही, पण ठेवणाऱ्याला मन होते. दोन वह्या एकमेकींशी बोलत नाहीत, एवढ्या कोरड्या गोष्टीला त्याने 'अनिष्ट' म्हटले. जून २०२२ मध्ये केंद्राने देशातल्या ६३ हजार प्राथमिक सोसायट्यांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपये मंजूर केले. जुन्या खतावणीतला आकडा संगणकात जसाच्या तसा उतरेल, तेव्हा तफावतही अधिक स्वच्छ अक्षरात दिसेल.

या सर्वांत मला सर्वांत मोठा गुण दिसतो तो विचारपूस करण्याचा. शेतकरी खरिपात काय पेरतो, हे त्याला किती आस्थेने विचारले जाते ते पाहा. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. तलाठ्याने बांधावर येऊन लिहायचे ते आता शेतकरी स्वतः मोबाइलवर भरतो आणि आपल्या शेतात उभा राहून पिकाचा फोटो काढतो. नोंद सातबाऱ्यावर चढते. पीककर्ज घेताना बँक विचारते, काय पेरणार? विम्याच्या अर्जात विचारतात, काय पेरले? सोयाबीन हमीभावाने विकायचे तर पीकपेऱ्याची नोंद असलेला सातबारा घेऊन नोंदणीच्या रांगेत पुन्हा सांगायचे. कापूस असेल तर २०२५ च्या हंगामापासून सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) 'कपास किसान' ॲपवर पुन्हा. अतिवृष्टी झाली तर पंचनाम्याच्या वेळी पुन्हा, आणि मदत मंजूर झाली की व्ही.के. नंबर, म्हणजे विशिष्ट क्रमांक, घेऊन केंद्रात पुन्हा. सोयरेसुद्धा एकदा विचारून थांबतात.

आणि उत्तर सोपे नसते, हे शेती करणाऱ्याला माहीत आहे. वऱ्हाडात नुसती कपाशी क्वचितच असते. कपाशीची सहा-आठ तासं, म्हणजे ओळी, मग एक तास तुरीचे, पुन्हा कपाशी. कपाशी फसली तर तूर हाती लागावी, हा त्यामागचा पिढ्यांचा हिशेब. आता या शेतात पीक कोणते? एका ठिकाणी मिश्र पीक म्हणून नोंद होते, दुसऱ्या ठिकाणी मुख्य पीक तेवढेच धरतात, तिसऱ्या ठिकाणी शेतकरीच गोंधळून सगळे क्षेत्र कपाशीचे सांगतो. तीन ठिकाणी तीन उत्तरे झाली की तिन्हींवर संशय येतो. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला हमीभाव ८,११० रुपये क्विंटल होता. नोंद जुळली तर तो भाव, न जुळली तर दारात काटा घेऊन आलेला व्यापारी म्हणेल तो. ज्याने अंधाऱ्या कोठीत कापूस साठवला आणि आग लागू नये म्हणून रात्री जागून राखला, त्याला या दोन भावांमधला फरक म्हणजे एक रकाना आहे, हे समजावून सांगायला थैली असते.

उत्तर युरोपातल्या एस्टोनियाचे उदाहरण आपल्याला वारंवार देतात. २००१ पासून तिथे एक्स-रोड नावाची व्यवस्था आहे. एका खात्याला दुसऱ्या खात्याची नोंद हवी असेल तर खाते खात्याला विचारते. एकदा दिलेली माहिती नागरिकाकडून पुन्हा मागायची नाही, हे तिथले धोरण. त्या देशाची लोकसंख्या साडेतेरा लाखांच्या आसपास आहे. २०११ च्या जनगणनेत एकट्या अकोला जिल्ह्याची १८ लाखांवर होती आणि अमरावतीची २८ लाखांवर. म्हणजे अकोल्याहून लहान देशात जे जमले ते आपल्याला अवघड नव्हते. पण तिथल्या शेतकऱ्याला आपली नोंद कोणत्या खोलीत, कोणत्या कपाटात, कोणाच्या टेबलावर आहे हे आयुष्यभर कळत नसेल. आपल्याला टेबले तोंडपाठ आहेत. कोणता बाबू जेवायला किती वाजता उठतो तेही आहे.

आता प्रत्येक शेतकऱ्याला ११ अंकी ओळख क्रमांक मिळत आहे आणि एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी तो सक्तीचा झाला आहे. जमीन, पीक, आधार हे सारे त्या एका क्रमांकाशी बांधायचे आहे. २०२५ च्या अतिवृष्टीची मदत देताना हा क्रमांक असलेल्यांना ई-केवायसीतून सूट मिळाली, आणि रूळ जुळवता येतात हे त्या वेळी दिसले. त्याच वर्षी 'जिवंत सातबारा' मोहीम आधी बुलडाण्यात आणि मग राज्यभर राबवली गेली, मयत खातेदारांची नावे काढून वारसांची लावण्यासाठी. कागदावर बाप हयात, प्रत्यक्षात तो गेलेला, आणि मुलाचे नाव नोंदीतच नाही, अशी किती घरे होती हे त्या मोहिमेच्या नावातच आहे. दरम्यान बहुतेकांनी नव्या क्रमांकाची प्रिंट काढून घेतली, लॅमिनेशन केले आणि थैलीत ठेवली. विचारले तर दाखवायला हवी.

जूनबद्दल आधी लिहिले, त्याचे कारण आहे. मृगाचा पाऊस झाला की काळ्या मातीत दोन-तीन दिवस वापसा असतो. माती पायाला चिकटत नाही आणि कोरडीही नसते. त्याच दिवसांत तिफण चालली तर पेरणी साधते. मग पाऊस लागून बसला तर बसला, उघडला तर पंधरा दिवस उघडला. खारपाणपट्ट्यात विहिरीच्या पाण्यावर सावरून घेता येत नाही, पाणीच खारे. वर्षाचे सारे त्या दोन-तीन दिवसांवर. आणि पीककर्जाच्या कागदांचे, विम्याच्या तयारीचे, ओळख क्रमांकातल्या नाव-दुरुस्तीचे दिवसही तेच. शेतात तिफण धरायची त्या सकाळी थैलीवाला एस.टी.त बसलेला असतो. जमीन त्याच्या नावाची आहे हे सिद्ध करण्यासाठी तो त्या जमिनीवर नसतो.

मागच्या वर्षी अशाच एका सकाळी, एका तालुक्याच्या गावी, कचेरीच्या आवारातल्या निंबाखाली अर्जनवीसाच्या टेबलाजवळ मी बसलो होतो. समोरच्या स्टुलावर सत्तरीचे एक काका. पांढरा सदरा, पायजमा, टोपी घामाने कडेला पिवळी पडलेली. त्यांचे नाव बदलून लिहितो.

"नाव काय टाकू, काका?"

"सातबाऱ्यावर पुंडलिक वल्द गणपत हाय. आधारवर पुंडलिकराव गणपतराव. पासबुकात नुसतं पी. जी."

"मंग तुम्ही कोनते?"

काकांनी त्याच्याकडे पाहिले. टोपी काढून मांडीवर ठेवली. "मी तं एकच हावो, भाऊ."

अर्जनवीसाने टंकलेखन यंत्र पुढे ओढले. त्याला मजकूर पाठ होता. वरील तिन्ही नावांची व्यक्ती एकच असून ती मी स्वतः आहे, हे सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो. खोटे आढळल्यास शिक्षेस पात्र राहीन. काकांनी चष्मा लावला, ओळीवर बोट ठेवून सगळे वाचले आणि शिक्षेच्या ओळीवर थांबले. मग खिशातून पेन काढून सही केली. सही पुंडलिक गणपत अशी होती, म्हणजे चौथी. अर्जनवीस काही बोलला नाही. काकांनी कागद फुंकर घालून वाळवला, उन्हाकडे धरून पाहिला, दुसऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत सरकवला आणि झेरॉक्सच्या दुकानाकडे निघताना मागे वळून विचारले, "चार पुरतीन का?"